कोटेशनला आत्मविश्वास आहे! (इंग्रजीतली जुळी विशेषणं कशी ओळखायची?)

अंबडचा_टर्नर
मंडळी नमस्कार. अंबड एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. तीन सीएनसी, एक जुनं लेथ (विकवत नाही) आणि नऊ माणसं. आजवर सगळं काम इथलंच, सातपूर, सिन्नर, फार तर चाकण. गेल्या महिन्यात पहिल्यांदा जर्मनीतल्या एका पार्टीची चौकशी आली. कोटेशनबरोबरचा मेल मी स्वतः लिहिला, रात्री साडेअकराला, मोठ्या झोकात. पाठवून गाढ झोपलो.

सकाळी अकरावीतल्या मुलीला कौतुकानं दाखवला. ती चहाचा कप खाली ठेवून हसायला लागली ती थांबेचना. वाक्यं जशीच्या तशी देतो:

"आवर रेट्स आर मोस्ट इकॉनॉमिक. आवर वर्कर्स आर व्हेरी इंडस्ट्रियल. वुई आर सेन्सिबल टू क्वालिटी. धिस कोटेशन इज कॉन्फिडंट."

तिच्या म्हणण्यानुसार मी त्या साहेबाला कळवलंय की आमचे दर अर्थशास्त्रीय आहेत, कामगार औद्योगिक आहेत, दर्जाशी आम्ही समजूतदारपणे वागतो आणि या कोटेशनला स्वतःबद्दल भारी आत्मविश्वास आहे.

माझं व्याकरण वाईट नाही हो. काळ चुकत नाही, स्पेलिंग कॉम्प्युटर बघतो. पण ही जुळी विशेषणं दर वेळी पायात येतात आणि कॉम्प्युटरही लाल रेघ मारत नाही, कारण शब्द दोन्ही बरोबरच असतात. काही युक्ती आहे का? पाठांतर सांगू नका, वय ५१ आहे.

कॉलेजरोडची_ताई
हहपुवा! "या कोटेशनला आत्मविश्वास आहे" हे मी आज स्टेटसला ठेवणार. रागावू नका दादा.

सिन्नरी_भो
ताई, इथं माणसाची ऑर्डर अडकलीये अन् तुम्हाला स्टेटस सुचतंय.
टर्नरभाऊ, उत्तर आलं का त्याचं?

अंबडचा_टर्नर
अजून नाही. तेच तर!

निवृत्त_मास्तर
टर्नरसाहेब, मी ३१ वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. मुलीचं कौतुक करा, तिनं नेमकं पकडलंय.

पहिली गोष्ट, घाबरू नका. तुमच्या चारपैकी निदान दोन चुकांचं औषध मराठीतच आहे. इंडस्ट्रियल म्हणजे औद्योगिक आणि इंडस्ट्रियस म्हणजे उद्योगी. बघा, आपल्याकडेही "उद्योग" या एकाच शब्दातून दोन विशेषणं निघाली आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वसाहत औद्योगिक असते, सून उद्योगी असते. "आमची सून फार औद्योगिक आहे" असं तुम्ही झोपेतसुद्धा म्हणणार नाही. इकॉनॉमिकचंही तेच. अर्थव्यवस्थेशी संबंध असेल तर इकॉनॉमिक, म्हणजे आर्थिक: आर्थिक धोरण, आर्थिक मंदी. पैसा वाचवणारं, परवडणारं ते इकॉनॉमिकल: गाडी, स्वयंपाकाची पद्धत, तुमचे दर.

मी वर्गात एवढंच सांगायचो की इंग्रजी शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधी वाक्य मनात मराठीत पुरं करा. मराठी वाक्याला हसू आलं, तर इंग्रजी शब्द चुकला.

पंचवटीकर
मास्तर, दंडवत. सुनेचं उदाहरण आमच्या घरात मोठ्यानं वाचलं. सून म्हणाली, "मी दोन्ही आहे, सातपूरला नोकरी करते आणि घरी येऊन पोळ्याही करते."

द्राक्षबागाईतदार
मास्तरांशी निम्मा सहमत. निम्मा अशासाठी की मराठीतच एका शब्दाच्या पोटात पाच अर्थ असले तर काय करायचं? माझीच गोष्ट सांगतो.

निफाड तालुक्यात बाग आहे. एका वर्षी माल युरोपला पाठवायचा होता, बुकिंग लवकरचं मिळालं, पण ब्रिक्स (गोडीचं माप) १४ च्या पुढं सरकेना. गोडी भरल्याशिवाय तोडायची कशी? तिकडच्या खरेदीदाराला मी लिहिलं, "ग्रेप्स आर स्टिल रॉ, प्लीज गिव्ह टेन डेज." त्याचा उलटा मेल आला, की द्राक्षं तर नेहमी रॉच असतात, तुम्ही शिजवून पाठवणार होतात का?

तो थट्टा करतोय की खरंच विचारतोय हे मला दोन दिवस कळलं नाही. मग कृषी पदवीधर भाचा म्हणाला, मामा, "अनराइप" लिहायचं होतं. रॉ म्हणजे न शिजवलेलं.

आता मराठीत मनातल्या मनात वाक्य पुरं केलं तरी काय मिळणार? "द्राक्षं अजून कच्ची आहेत." शंभर टक्के बरोबर मराठी! आपला आंबा कच्चा, भाजी कच्ची, रस्ता कच्चा, बिल कच्चं, पोरगं गणितात कच्चं आणि तुरुंगातला कैदीही कच्चा. इंग्रजाला प्रत्येकासाठी वेगळा शब्द लागतो.

सिन्नरी_भो
शिजवलेली द्राक्षं! भाऊ, वाळवून बेदाणा पाठवायचा ना मग.

निवृत्त_मास्तर
बागाईतदार, मुद्दा एकदम मान्य. माझी युक्ती तुमच्या "कच्च्या"पाशी कच्चीच पडते. तिथं उलटा प्रश्न विचारावा लागतो: कच्चं म्हणजे काय व्हायचं राहिलंय? पिकायचं राहिलं तर अनराइप, शिजायचं राहिलं तर रॉ, खटला संपायचा राहिला तर अंडरट्रायल. मात्र एक बारीक पाचर: आपल्या इंग्रजीत कैरीला सर्रास रॉ मँगो म्हणतात आणि देशात ते चालतं. म्हणून तर तुम्हाला रॉ सुचलं. तुमची चूक नाही, सवय आहे.

अनामिका_इंदिरानगर
याच जातीतला आणखी एक शब्द म्हणजे "अभिजात". ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात दर्जा दिला (सोबत पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली). आमच्या सोसायटीत लगेच फलक लागला, खाली इंग्रजीतही ओळ: "मराठी इज नाऊ क्लासिक लँग्वेज". मी सेक्रेटरींना म्हटलं, काका, क्लासिकल हवं. ते म्हणाले, एक "अल" नसला तर काय बिघडतं?

बिघडतं की. क्लासिकल म्हणजे प्राचीन परंपरेचं, शास्त्रीय: क्लासिकल लँग्वेज, क्लासिकल गायन. क्लासिक म्हणजे त्या प्रकारातला अस्सल, कायम टिकणारा नमुना. मराठी भाषा क्लासिकल. आणि सेक्रेटरीकाकांचं उत्तर क्लासिक.

कॉलेजरोडची_ताई
+१. शेवटची ओळ क्लासिक.

ओझरचा_फिटर
वाचतोय. चाळीस वर्षं मशिनवर काढली, इंग्रजी जे शिकलो ते ड्रॉइंगवरून. आमच्या धंद्यात एक जोडी फार महाग पडते ती सांगतो: अल्टरनेट आणि अल्टरनेटिव्ह.

एका कारखान्यात (नाव नको) फ्लँजचं काम आलं होतं. पीसीडीवर, म्हणजे कडेनं आखलेल्या वर्तुळावर, बारा होल. ड्रॉइंगवर टीप: "अल्टरनेट होल्स टू बी टॅप्ड एम आठ." म्हणजे एक सोडून एक, सहा होलांना आटे पाडायचे आणि उरलेल्या सहांतून बोल्ट आरपार जायला हवा. नवीन डिप्लोमावाला सुपरवायझर होता, हुशार, पण त्यानं वाचलं "अल्टरनेटिव्ह". पर्यायी! त्याला वाटलं, टॅप केले तरी चालतील, नाही केले तरी चालतील. मग म्हणाला, कशाला रिस्क, सगळेच टॅप करा. चाळीस फ्लँजना बाराच्या बारा होल टॅप. असेंब्लीला गेल्यावर बोल्ट शिरेना.

नशीब बलवत्तर म्हणून एम आठचं टॅप केलेलं होल नऊच्या ड्रिलनं मोठं करता येतं. सहा-सहा होल पुन्हा मारली, एक पाळी गेली. उलटं झालं असतं, म्हणजे सगळी नऊनं मारून मग कळलं असतं की सहांना आटे हवे होते, तर चाळीसच्या चाळीस भंगारात. मोठं झालेलं होल लहान करायचं ड्रिल अजून निघालेलं नाही.

तेव्हापासून पोरांना सांगतो, अल्टरनेट म्हणजे "आड". एक दिवसाआड पाणी, एका होलाआड टॅप. अल्टरनेटिव्ह म्हणजे "ऐवजी".

अंबडचा_टर्नर
फिटरकाका, अंगावर काटा आला. मीही आजवर दोन्ही एकच समजत होतो. आमच्याकडं अजून घोळ झाला नाही, हे केवळ नशीब.
"आड" आणि "ऐवजी" बोर्डावर लिहून लावतो.

न्यूजर्सीतला_नाशिककर
काका, उत्तम. फक्त एक भर: अमेरिकेत पर्यायी या अर्थानंही अल्टरनेट सर्रास चालतं. इथं रस्ता बंद असला की पाटी "अल्टरनेट रूट" अशीच असते. तेव्हा अमेरिकन ड्रॉइंग आलं आणि शंका वाटली, तर विचारून घेतलेलं बरं.

आता माझी फजिती. इथं आलो त्या वर्षी एका सहकाऱ्यानं घरी जेवायला बोलावलं. त्याच्या बायकोनं इतकं मायेनं वाढलं की मला गंगापूर रोडच्या मावशीची आठवण झाली. निघताना अगदी भरल्या गळ्यानं म्हणालो, "युअर वाइफ इज व्हेरी होमली." टेबलाभोवती शांतता. नवरा हसला, पण कसनुसं. गाडीत बसल्यावर दुसऱ्या एका देशी मित्रानं सांगितलं, "अरे, इथं होमली म्हणजे दिसायला बेतास बात!"

आपल्या लग्नाच्या जाहिरातींतला होमली, म्हणजे घरगुती, संसारी. तो अर्थ अमेरिकेत पोचतच नाही. घरासारखं ऊबदार म्हणायचं तर इथं "होमी", तेही घराला किंवा जेवणाला, बायकोला नाही.

कॉलेजरोडची_ताई
मेले! मेले! पुढं काय झालं? पुन्हा बोलावलं?

न्यूजर्सीतला_नाशिककर
दुसऱ्या दिवशी डबाभर चिवडा घेऊन माफी मागायला गेलो. खास नाशिकहून आलेला. चिवड्यानं तारलं.

पंचवटीकर
नाशिकच्या चिवड्यानं आजवर किती संसार वाचवले असतील!

माझी जोडी हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल. आम्ही पाहुण्यांना फिरवतो, त्यामुळं तोंडात सतत. माझा हिशोब असा: ज्यानं इतिहास घडवला ते हिस्टॉरिक, आणि जे नुसतं इतिहासातलं, जुन्या काळाशी संबंधित, ते हिस्टॉरिकल. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात बाबासाहेबांनी सुरू केलेला सत्याग्रह हिस्टॉरिक. पांडवलेणी हिस्टॉरिकल. बरोबर ना मास्तर?

प्रेस_निवृत्त
मास्तरांच्या आधी मीच घुसतो. पांडवलेणी नुसती हिस्टॉरिकल का म्हणून? तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहनांचा इतिहास लिहिताना त्याला वगळताच येत नाही. अशा जागेला हिस्टॉरिकच म्हणायचं. इंग्रजीत महत्त्वाच्या जुन्या वास्तूला हिस्टॉरिक साइट म्हणतात.

पंचवटीकर
मग हिस्टॉरिकल उरलं कशाला?

प्रेस_निवृत्त
कादंबरीला, कागदपत्राला, संशोधनाला. ऐतिहासिक कादंबरी कितीही रद्दड असली तरी ती हिस्टॉरिकलच असते, कारण विषय इतिहासाचा. हिस्टॉरिक म्हटलं की महत्त्व आलंच.

निवृत्त_मास्तर
दोघंही आपापल्या जागी ठीक. काळारामचा सत्याग्रह हिस्टॉरिक, यावर वाद नाही. त्या सत्याग्रहाची कागदपत्रं हिस्टॉरिकल डॉक्युमेंट्स. लेण्यांच्या बाबतीत मी प्रेसवाल्यांच्या बाजूनं. मराठीत दोन्हींना "ऐतिहासिक" असल्यानं आपल्याला फरक जाणवत नाही. आणि आता तर आपण कशालाही ऐतिहासिक म्हणतो. परवा पेपरात एका गटाराच्या भूमिपूजनाला "ऐतिहासिक क्षण" म्हटलं होतं.

सिन्नरी_भो
गटार झालं तर हिस्टॉरिक, नाही झालं तर हिस्टॉरिकल.

प्रेस_निवृत्त
सिन्नरीभाऊ, नमस्कार घ्या!

टर्नरांच्या चौथ्या वाक्याकडं कुणी वळलंच नाही, म्हणून सांगतो. मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतो (इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ पासूनचा). आमच्याकडं फायलीवर "कॉन्फिडेन्शियल" शिक्का रोजचा, त्यामुळं हा शब्द हाडात मुरलाय. कॉन्फिडंट आणि कॉन्फिडेन्शियल, दोन्हींच्या मुळाशी विश्वासच आहे. ज्याच्या मनात विश्वास आहे तो कॉन्फिडंट, आणि जी गोष्ट विश्वासानं कानात सांगितली ती कॉन्फिडेन्शियल. माणूस कॉन्फिडंट, कागद कॉन्फिडेन्शियल. कागदाला मन नसतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

आमच्या वेळी एका नवीन क्लार्कनं उलटी चूक केली होती. रजेच्या अर्जात लिहिलं, "आय ॲम कॉन्फिडेन्शियल दॅट माय लीव्ह विल बी सँक्शन्ड." साहेबांनी अर्जावर शेरा मारला, "सँक्शन्ड. डोंट टेल एनीवन."

अनामिका_इंदिरानगर
असे साहेब आता कुठं राहिले!

सिन्नरी_भो
माझा प्रश्न वेगळाय. बोअर अन् बोअरिंग. माझी भाची पुण्याला शिकते. सुट्टीत आली, कंटाळली, अन् फोनवर मैत्रिणीला म्हणली, "आय ॲम सो बोअरिंग यार." म्हातारी ओट्यावरून ओरडली, "बोअरिंग? कुठं मारायची? पाणी लागलं का?"

आमच्याकडं बोअरिंग म्हणलं की सगळ्यांचे कान उभे राहतात. त्यात अर्थ एकच, गाडी आली, पाइप आले, अन् किती फुटावर पाणी. यंदा मी पण मारायला घेतलीये, बघू.

कॉलेजरोडची_ताई
भो, तुमच्या आजीला नमस्कार सांगा.
भाचीला सांगा: कंटाळलेली ती बोअर्ड, कंटाळा आणणारी ती बोअरिंग. या जातीच्या जोड्यांत मराठी एकदम उपयोगी पडते. थकलेला टायर्ड, थकवणारा टायरिंग. गोंधळलेला कन्फ्यूज्ड, गोंधळात पाडणारा कन्फ्यूजिंग. "लेला" असेल तिथं ईडी, "णारा" किंवा "वाणा" असेल तिथं आयएनजी. माझ्या शिकवणीतली सहावीची पोरं एका दिवसात शिकली.

अंबडचा_टर्नर
ताई, ही युक्ती मस्त! अशीच हवी होती. म्हणजे मी कन्फ्यूज्ड आणि माझे मेल कन्फ्यूजिंग.

मनमाडचा_ड्रायव्हर
पहिल्यांदाच लिहितोय. पानेवाडीच्या डेपोतून टँकर भरतो. टँकरमागं लिहिलेलं असतं "हायली इनफ्लेमेबल". माझा मुलगा म्हणे, पप्पा, "इन" लागलं की उलटा अर्थ होतो ना? करेक्टचं इनकरेक्ट होतं, तसं इनफ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. मी म्हटलं, बाबा, तू हे खरं समजून टँकरजवळ काडी ओढू नकोस. पण समजावून सांगता आलं नाही. कुणी सांगाल का?

निवृत्त_मास्तर
स्वागत! पोराचा प्रश्न अगदी रास्त आहे. मोठमोठ्यांना पडलेला आहे.

इथला "इन" नकाराचा नाही. लॅटिनमध्ये "इनफ्लमारे" म्हणजे पेटवणं, ज्वाळेत घालणं. हा "इन" म्हणजे "आत". त्यामुळं इनफ्लेमेबल आणि फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच, चट्कन पेट घेणारं. तुमच्या मुलाला झाला तोच गैरसमज होऊन कुणी जिवाला मुकेल, या भीतीनं अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मंडळींनी १९२० च्या दशकापासून फ्लेमेबल वापरा असा आग्रह धरला. न पेटणारं ते नॉनफ्लेमेबल. आपल्या टँकरांवर जुना शब्द राहिलाय.

मुलाला आणखी एक दाखवा. व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान, मग इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल का? नाही. आपल्या "अमूल्य"सारखंच. ज्याचं मोल करता येत नाही इतकं मोलाचं. "अ" लागूनही किंमत वाढली.

मनमाडचा_ड्रायव्हर
धन्यवाद सर. मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग आमचे सर सगळीकडं "इन म्हणजे नाही" असं का शिकवतात?

निवृत्त_मास्तर
त्याला सांगा, मीसुद्धा तसंच शिकवलं. ३१ वर्षं.

गोदाकाठ
सगळा धागा वाचला. माफ करा, पण मला हा सगळा न्यूनगंड वाटतो. जर्मन माणसाला कळलं ना काय म्हणायचंय? मग झालं! त्यांची मराठी विशेषणं कुणी तपासतं का? गरम, ऊन, कढत, कोमट यांतला फरक त्याला जमेल? आंघोळीचं पाणी कढत, हिवाळ्यातलं कोवळं ऊन, सर्दीला कोमट पाणी. कुणी परदेशी "कोवळं पाणी" म्हणाला तर आपण हसून सोडून देतो आणि वर कौतुक करतो. आणि आपली माणसं एक "अल" चुकला की शरमेनं अर्धमेली!

ओझरचा_फिटर
गोदाकाठ, बोलण्यात चालतं. ड्रॉइंगवर चालत नाही. चाळीस फ्लँज.

अनामिका_इंदिरानगर
गोदाकाठ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण जर्मन माणूसही याच चिखलात आहे. मी इथल्या एका कंपनीत जर्मन भाषांतराचं काम करते. जर्मनमध्ये "झेन्झिबेल" म्हणजे संवेदनशील, नाजूक. त्यामुळं तिकडचे लोक इंग्रजीत लिहिताना हमखास सेन्सिबल लिहितात, जिथं सेन्सिटिव्ह हवं. एकदा एका महागड्या सेन्सरच्या खोक्यावर पाटी होती: "व्हेरी सेन्सिबल, हँडल विथ केअर." आमच्या स्टोअरवाल्यानं विचारलं, मॅडम, एवढा समजूतदार आहे तर जपायचं कशाला?

तसंच "आक्टुएल" म्हणजे सध्याचं, चालू. म्हणून ते "ॲक्च्युअल प्राइस लिस्ट" मागतात. आपल्याला वाटतं, आधी पाठवली ती काय खोटी होती? त्यांना करंट हवी असते, आजच्या तारखेची. टर्नरदादा, तुमच्या गिऱ्हाइकानं ॲक्च्युअल म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका.

आणि यावरून आठवलं, "वुई आर सेन्सिबल टू क्वालिटी" हे तुमचं वाक्य त्या साहेबाला बरोब्बर कळलं असणार! त्याच्या कानाला तेच "झेन्झिबेल".

अंबडचा_टर्नर
काय सांगता! म्हणजे चूक अधिक चूक बरोबर?

अनामिका_इंदिरानगर
याच एका वाक्यापुरतं. सवय लावून घेऊ नका, उद्या इंग्लंडची पार्टी आली तर?

पंचवटीकर
अवांतर: कंटिन्युअस आणि कंटिन्युअल राहिलंच. अखंड हरिनाम सप्ताह कंटिन्युअस, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. आणि आमच्या गल्लीतली लाइट कंटिन्युअली जाते, म्हणजे सारखी जाते, येते, पुन्हा जाते. कंटिन्युअसली गेली असती तर अंधारातच बसलो असतो.

गोदाकाठ
हे मात्र आवडलं. मघाचं बोलणं जरा मागं घेतो. जरासंच.

निवृत्त_मास्तर
पंचवटीकर, वीणा! ही मला ३१ वर्षांत सुचली नाही. पुढच्या जन्मी वापरीन.

अंबडचा_टर्नर
मंडळी, उत्तर आलं!

साहेब लिहितात (भाषांतर मुलीचं): दर पाहिले. पाच हजार नगांचा नमुना हिशोब पाठवा. शिवाय "प्लीज सेंड युअर ॲक्च्युअल कॅटलॉग." अनामिकाताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी आजही चिडलो असतो, की आधी पाठवलं ते काय नकली होतं?

मेलच्या शेवटी एक ओळ आहे: "वुई आर ऑल्सो कॉन्फिडंट." आता हा चिडवतोय की त्याला खरंच विश्वास आहे, ते मुलीलाही कळेना.

उत्तराचा मसुदा केलाय, पाठवण्याआधी इथं टाकतो. "आवर रेट्स आर इकॉनॉमिकल अँड आवर वर्कर्स आर इंडस्ट्रियस. धिस कोटेशन इज कॉन्फिडेन्शियल. करंट कॅटलॉग अटॅच्ड. सॅम्पल पीसेस विल बी सेंट कॉम्प्लिमेंटरी." बघा जरा.

कॉलेजरोडची_ताई
छान! फक्त कॉम्प्लिमेंटरीचं स्पेलिंग तपासा. उच्चार एक, स्पेलिंगं दोन. मध्ये "आय" असेल तर फुकट भेट (किंवा प्रशंसा), "ई" असेल तर पूरक. कम्प्लीटमध्ये जो "ई" तोच पूरकमध्ये.

अंबडचा_टर्नर
"ई" होता. अर्रर्र. बदलला.

प्रेस_निवृत्त
आणि कॉन्फिडेन्शियल आहे तर इथं जाहीर का टाकलंत?

अंबडचा_टर्नर
आकडे कुठं टाकलेत! पाठवला मेल.

सिन्नरी_भो
मंडळी, धाग्याशी संबंध आहे म्हणून टाकतो. बोअरिंग झाली. ३८० फुटावर पाणी लागलं.

ओझरचा_फिटर
अभिनंदन! किती इंची?

सिन्नरी_भो
दोन. अन् कंटिन्युअस.